वांगी माडीची शिडी

परंड्यात आमची गल्ली लई चांगली, माणसं एकमेकाला धरून राहतात, असं कुणी सांगितलं तर त्याला आधी विचारा की तू तिथं किती दिवस राहिलास. म्या तीस वर्सं राहते. स्टँडकडून किल्ल्याच्या खंदकाकडं उतरलं की तिसरी गल्ली आमची. तोंडालाच माझी पिठाची गिरणी. लाईट असली की सकाळी आठपासून पट्टा फिरतो, आणि पट्टा फिरत असला की लोकांना वाटतं, राजेश्वरीला काय ऐकू येत न्हाय. मला सगळं ऐकू येतं. समोरचं घर रंगवणाऱ्या नागूबाईबद्दल या गल्लीत काय काय बोललं गेलं ते म्या शब्दाला शब्द सांगू शकते. त्यातलं थोडं माझ्या तोंडचं हाय. तेही सांगणार, न्हायतर उगं दुसऱ्याची धुणी धुण्यात काय अर्थ.

गिरणीच्या समोरच वांगी माडी. दोन मजले, खाली दगडी ओसरी, वर लाकडी सज्जा, आणि रस्त्याकडची अख्खी भिंत वांग्याच्या रंगाची. असलं घर परंड्यात दुसरं न्हाय, भूमला न्हाय, बार्शीतही कुणी बघितलेलं न्हाय. बाहेरगावचा माणूस आमचा पत्ता विचारत आला की लोक गल्लीचं नाव सांगत न्हायत, वांगी माडी कुठं हाय ते सांगतात.

रंगाची गोष्ट जुनी माणसं अशी सांगायची. तवा इकडं निजामाची हद्द आणि कुर्डुवाडीकडं इंग्रजाची. मधी करोडगिरीचा नाका, म्हंजे जकातीचा. तिथला नाकेदार हे घर बांधत होता. एका व्यापाऱ्याची रंगाची पिंपं त्यानं जकातीपायी अडकवून ठेवली. व्यापारी परत आला न्हाय आणि नाकेदारानं तो फुकटचा रंग स्वतःच्या घराला फासला. खरं-खोटं देवाला माहीत. म्या आपली म्हणते, अडवलेल्या मालानं रंगवलेलं घर, त्याच्यावरून भांडणं न्हाय होणार तर काय होणार. पिंपं संपल्यावर नाकेदारानं खंदकाकडच्या लोणाऱ्याला, म्हंजे चुन्याच्या भट्टीवाल्याला, बोलावलं आणि सांगितलं, असाच रंग करून दे. तो लोणारी नागूबाईचा आजेसासरा. त्यानं चुना, हिरमंजीची तांबडी माती, नीळ, बाभळीचा डिंक आणि अजून काहीतरी घालून रंग जुळवला. पुढं नाकेदार गेला, घर आमच्या लिंगायत वाण्यांपैकी महांतेशच्या आजोबानं घेतलं. रंग मात्र भट्टीवाल्यांच्याच हातात राहिला.

आमच्याकडं घट बसायच्या आधी दसरा काढतात. दसरा काढायचा म्हंजे घरातल्या गोधड्या-वाकळांपासून फळीवरच्या डब्यांपर्यंत सगळं धुऊन, पुसून, सारवून घ्यायचं. त्या आठ दिवसांत नागूबाई शिडी घेऊन यायची. सोळा पावंड्यांची, तिची स्वतःची शिडी. बाई उंच, अंगानं वाळकी, लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला. बादली दोरीनं वर ओढून घ्यायची आणि घायपाताच्या कुंचल्यानं सज्जाच्या वरपासून खाली येत जायची. काम तीन दिवसांचं. पयल्या दिवशी पयला हात, तो निव्वळ पांढऱ्या चुन्याचा. मग दोन दिवस वांगी रंगाचे दोन हात. तिसऱ्या दिवशी काम संपलं की बादलीत उरलेला रंग ती गल्लीच्या मधोमध ठेवायची. प्रत्येक घरची बाई वाटी घेऊन यायची आणि आपापल्या उंबऱ्यावर त्या रंगाची तीन बोटं ओढायची. आमच्या घरात त्याला शिवाची बोटं म्हणायचे, मराठ्यांच्या घरात नुसतं चांगलं असतं म्हणायचे. पण ओढायचे सगळेच. म्या लग्न होऊन उमरग्याकडून आले तवा सासूनं मला गल्लीतलं पयलं काम हेच लावलं होतं.

नागूबाईचा नवरा लिंबाजी छातीच्या दुखण्यानं गेला तवा ती सव्वीस वर्सांची होती. पदरात गोरोबा आणि एक मुलगी. सासऱ्याला वर चढवत नव्हतं. तो खाली उभा राहून सांगायचा आणि ही चढायची. तवापासून छत्तीस वर्सं. एवढ्या वर्सांत तिला जेवायला वाढलं ते परड्यात, पत्रावळीवर. घराच्या आत ती कधी गेली न्हाय, कुणी ये म्हणलं न्हाय. गल्लीतली शेंबडी पोरंसुद्धा तिला ए नागूबाई म्हणायची. म्याही अगं-तुगं करायची, आणि ती माझ्याहून बारा वर्सांनी मोठी. रंग तिच्या हाताला दिवाळीपर्यंत राहायचा. नखाच्या कडा तर बारमाही वांग्या. एकदा कुणाच्या तरी लग्नात पंगतीत माझ्या शेजारी बसली होती. समोरची बाई तिच्या हाताकडं बघून पदर सावरत उठली आणि दुसऱ्या पंगतीत जाऊन बसली. नागूबाई खाली बघून जेवली. म्या वाढप्याकडं भात मागितला.

आता घराच्या विक्रीचं. महांतेशची आई वारल्यापासून आठ वर्सं माडीला कुलूप. तो गुलबर्ग्याला नोकरीला, बायको-मुलं तिकडंच. गेल्या वैशाखात तो आला आणि म्हणाला, घर विकतोय, बार्शीचे एक जण घेतायत, पाडून खाली गाळे काढणार हायत.

झालं. गल्लीला एकदम वारसा आठवला. आठ वर्सांत सज्जाच्या तीन फळ्या पडल्या तवा कुणाला आठवला न्हाय. खरी गोष्ट म्या सांगते. बंद घर सगळ्यांच्या सोयीचं होतं. माडीच्या परड्यात कुलदीपच्या आणि त्याच्या दोस्तांच्या मोटारसायकली लागायच्या. हा कुलदीप म्हंजे आमच्या वॉर्डातला होऊ घातलेला पुढारी, वाढदिवस कुणाचाही असो, फोटो ह्याचा. बाया कुरडया-पापड माडीच्या धाब्यावर वाळत घालायच्या. आणि ओसरीवर माझ्या ज्वारीची पोती. गिरणीत जागा न्हाय, समोर ओसरी रिकामी, आठ वर्सं पोती तिथंच. तवा घर विकू नये असं मला वाटत होतं ते रंगासाठी न्हाय, पोत्यांसाठी.

कुलदीपनं गल्लीच्या तोंडाला फ्लेक्स लावला, "आपला रंग, आपला वारसा". खाली माडीपेक्षा मोठा स्वतःचा फोटो. आमचे हे, रेवणसिद्ध, बाजार समितीत कारकून होते, कागद करण्यात हुशार. ह्यांनी महादेवाच्या देवळात बैठक घेतली आणि स्टँप पेपरवर अट लिहिली. घेणाऱ्यानं घर पाडायचं न्हाय, आणि दर दसऱ्याला वांगी रंगच द्यायचा, तोही चुन्यातला, जुन्या पद्धतीचा, डब्यातला ऑइल पेंट चालणार न्हाय. एक्केचाळीस घरांच्या सह्या. महांतेशला सांगितलं, ह्याच्यावर तूही सही कर, न्हायतर आमी नगरपरिषदेत अर्ज देतो आणि पाच वर्सं तुझा कागद हलू देत न्हाय.

महांतेश दोन दिवस मुक्काम करून वैतागला होता. म्हणाला, "ही अट पाळणारं गिऱ्हाईक तुम्हीच आणा. जो पाळेल त्याला मी देतो. मग मधे कुणी बोलायचं नाही." आणि त्यानं सही केली.

बार्शीवाला अट वाचून हसला आणि गाडीत बसून निघून गेला. त्या दिवशी देवळासमोर भजी तळली. रेवणसिद्ध मला म्हणाले, "अशी अट घातलीय की जन्मात कुणी घेणार न्हाय. ठेव तुझी पोती बिनघोर." म्या दोन भजी जास्त खाल्ली.

पंधरा दिवसांनी महांतेश परत आला. गल्ली देवळाच्या पायऱ्यांवर बसलेली. तो विचारत होता की आणलं का कुणी गिऱ्हाईक, आणि सगळे एकमेकाकडं बघून मिशीत हसत होते. तवा खालच्या अंगानं नागूबाई आली. मागं तिचा लेक गोरोबा. गोरोबा ढोकीच्या कारखान्यात फिटर हाय, शांत पोरगा, सुट्टी काढून आला होता. नागूबाई पायऱ्यांपाशी उभी राहिली.

"महांतेशअण्णा, घर म्या घेते," ती म्हणाली. "अट वाचून घेतलीय. रंग तर म्याच देते."

रेवणसिद्ध म्हणाले, "कोणतं घर गं?"

"हेच. वांगी माडी."

"राहायला?"

"न्हाय, शिडी ठेवायला," नागूबाई म्हणाली. "राहायलाच की. घर कशाला घेतात माणसं?"

कुणी हसलं न्हाय. मग तिनंच सांगितलं. नवा रस्ता निघाला त्यात तिची भट्टी गेली, भट्टीला लागून असलेलं घर गेलं. दोन उन्हाळे ती पत्र्याच्या शेडात भाड्यानं राहते. रस्त्याचा मोबदला आलाय, लेकानं कारखान्यातून कर्ज घेतलंय, एवढ्यात घर व्हायला पायजे. "दुसरीकडं बघितली की घरं," ती म्हणाली. "पण या घराचा कुठं पोपडा सुटतो, कुठल्या कोपऱ्यात ओल धरते, कुठला दगड हलतो, मला पाठ हाय. दुसरं घर घेऊन त्याची दुखणी आता या वयात कवा शिकू?"

कुलदीप गोड बोलायला लागला. "नागूबाई, रंग तू दे की. रंगाला कोण नको म्हणतंय? उलट तुझा सत्कार करू आपण, शाल-नारळ देऊ. त्यासाठी घर घ्यायची काय गरज?"

"शाल हाय मला," नागूबाई म्हणाली.

महांतेश म्हणाला, मग ठरलं तर. आणि तिथून जे सुरू झालं ते म्या गिरणीत बसून महिनाभर ऐकलं. पट्टा फिरत होता, पीठ पडत होतं आणि माणसं बोलत होती. तिची गाढवं आपल्या दारात बांधणार. (गाढवं तिनं वीस वर्सांपूर्वी विकली.) परड्यात भट्टी लावील आणि धुरानं आपल्याला मारील. काल शिडीवर होती, आज सज्जात उभी राहून आपल्याकडं खाली बघणार. तिचे पाहुणे येणार, ते कसले असतील कुणी बघितलेत. आणि एक बोलणं असं होतं, "म्हंजे आता तिला हळदी-कुंकवाला बोलवावं लागंल का?" हे शेवटचं माझं होतं. दळण घ्यायला आलेल्या चार बाया खदाखदा हसल्या, आणि मला तवा बरं वाटलं होतं. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

मग बैठक आमच्या घरी झाली. रेवणसिद्ध म्हणाले, अटीमुळंच ती बसलीय. अटच काढून टाकू. अट नसली की बार्शीवाला येईल. गाळे तर गाळे. कुलदीप म्हणाला, खाली एखादा गाळा मलाही मिळंल.

म्या चहा देता देता म्हणलं, "अहो, मग रंगाचं काय? वारश्याचं काय?"

"रंगाचं काय घेऊन बसलीस," हे म्हणाले. "रंग काय, आज हाय उद्या न्हाय. माणूस एकदा शेजारी बसला की उठत न्हाय."

ह्यांनी दुसरा स्टँप पेपर काढला आणि कचेरीतल्या भाषेत लिहिलं, की सदर अट आम्ही सर्व रहिवासी स्वखुशीने रद्द करीत आहोत, रंगाबाबत व बांधकामाबाबत घेणाऱ्यास पूर्ण मोकळीक राहील, त्यास आमची कसलीही हरकत नाही. पयली सही ह्यांची, दुसरी कुलदीपची, तिसरी माझी. कुणी माझा हात धरला नव्हता. पोती ओसरीवरून हलतीलच, हे मला कळत होतं, कुणीही घेतलं तरी हलतीलच. तरी म्या सही केली, कारण समोर दार उघडून ती बाई रोज आपल्याला दिसणार, हे मला नको होतं. दुसरं कारण न्हाय. कागदाची एक प्रत महांतेशला पाठवली. दुसरी कुलदीप स्वतः शेडात जाऊन नागूबाईला देऊन आला. म्हणाला, "वाचून घे लेकाकडून, म्हंजे कळंल तुझी जागा कुठं हाय."

तिनं कागद घेतला आणि ट्रंकेत ठेवला, एवढंच त्यानं येऊन सांगितलं.

पण बार्शीवाल्यानं तोवर भूमला जागा घेतली होती. महांतेश आला तो चिडूनच. देवळाच्या पायऱ्यांवर एक्केचाळीस घरं त्याला एकाच वेळी समजावून सांगत होती की थांब, दुसरं गिऱ्हाईक बघू, घाई कशाला. तो माझ्याकडं बघून कानडीत म्हणाला, "साकु." म्हंजे पुरे. मग सगळ्यांना मराठीत म्हणाला, "आधी अट घातली तुम्ही. ती पाळणारं माणूस आलं तर अट काढली तुम्ही. आता तर अटही नाही, तुमची हरकतही नाही, तुम्हीच लिहून दिलंय. सोमवारी रजिस्ट्री." माया-बिया काय नव्हती त्याच्यात. त्याला सुटका पायजे होती आणि तयार गिऱ्हाईक ती एकटीच होती.

सोमवारी रजिस्ट्री झाली. नागूबाईनं कुलूप काढलं आणि छत्तीस वर्सांत पयल्यांदा घराच्या आत गेली. म्या गिरणीतून बघत होते. आत जाऊन लगेच बाहेर आली, ओसरीवर बसली, पदरानं तोंड झाकून थोडा वेळ रडली आणि झाडू मागवला.

त्यानंतर गल्लीनं काय बाकी ठेवलं न्हाय. दारात उष्टं टाकलं. मोटारसायकली परड्यातून निघायला एक महिना लागला, त्याही तिनं पोलिसात जाते म्हणल्यावर. नळाला पाणी आलं की तिच्या घागरीपुढं कुणाची तरी घागर यायचीच. मला तिनं दोनदा निरोप दिला, वैनी, पोती हलवा. म्या मुद्दाम हलवली न्हायत. एके दिवशी सकाळी बघते तर सगळी पोती माझ्या गिरणीच्या दाराशी, एकावर एक नीट रचलेली. आभाळ भरून आलं होतं म्हणून वरनं प्लास्टिकचा कागद, कागदावर चार दगड. एक दाणा सांडलेला न्हाय.

वास्तुशांतीला तिनं घरोघर अक्षता दिल्या. आमच्याकडं आली तवा हे उठून आत गेले. म्या अक्षता घेतल्या आणि येते म्हणलं. एक्केचाळीस घरांतून एक माणूस गेलं न्हाय. म्या साडी नेसून बसले होते. हे म्हणाले, "जायचं तर जा, तुला कोण धरलंय." कुणीच धरलं नव्हतं. समोरच तर घर, वीस पावलं. दुपारी तीनच्या सुमाराला गोरोबानं भरलेली दोन पातेली रिक्षात घातली आणि स्टँडकडं वाटायला घेऊन गेला. नागूबाई सज्जात उभी होती. आमच्याकडं बघत नव्हती, आमच्या वरनं पलीकडं किल्ल्याकडं बघत होती.

मग भादवा आला. गोधड्या बाहेर निघाल्या, गल्ली ओली झाली. आणि सगळ्यांच्या मनात एकच, आता रंग. तुमाला खोटं वाटंल, पण तिच्या दारात उष्टं टाकणाऱ्या बायांनीसुद्धा उंबरे घासून तयार ठेवले होते. कुणाच्या डोक्यात दुसरा विचारच आला न्हाय. रंग दरवर्सी होतो, तसा होणार. कुलदीपनं तर मोबाईल घेऊन एका पोराला उभंच केलं होतं, व्हिडिओ टाकायला.

नागूबाईनं शिडी लावली. पयल्या दिवशी पांढरा हात मारला. पयला हात पांढराच असतो, सगळे निश्चिंत. दुसऱ्या दिवशी तिनं बादली वर ओढली, कुंचला बुडवला, भिंतीवर ओढला. पांढरा. लोक म्हणाले, भिंत आठ वर्सं बंद घराची, पयला हात नीट धरला नसंल. (बंद असली तरी रंग दरवर्सी होतच होता, पण बोलायला काय लागतं.) तिसऱ्या दिवशी परत पांढरा. दुपारी चारला ती खाली उतरली, कुंचला धुतला आणि बादली उपडी घातली. माडी पांढरीशुभ्र. आमच्या सगळ्यांच्या घरांपेक्षा पांढरी.

पाच मिनिटांत गल्ली तिच्या दारात. सगळ्यात पुढं आमचे हे.

"हे काय चालवलंयस?" हे म्हणाले. "रंग कुठाय?"

"दिलाय की," नागूबाई म्हणाली.

"हा? वांगी माडीला पांढरा? नव्वद वर्सांचा रंग हाय तो. गल्लीचा रंग हाय. तुझ्या मनात येईल तसं करायला तुला कुणी सांगितलं?"

"तुमी," ती म्हणाली, आणि गोरोबाला हाक मारली. गोरोबानं ट्रंकेतला कागद आणला आणि ओसरीवर उभं राहून वाचला. रंगाबाबत व बांधकामाबाबत घेणाऱ्यास पूर्ण मोकळीक राहील. मग खालच्या सह्या वाचायला लागला. पयली, रेवणसिद्ध. दुसरी, कुलदीप. तिसरी, राजेश्वरी. सगळीच्या सगळी नावं त्यानं सावकाश वाचली. आपलं नाव आलं की एकेक माणूस मान खाली घालत होतं.

कुलदीप म्हणाला, "अगं पण तूच म्हणाली होतीस, रंग म्या देते."

"म्हणले होते," नागूबाई म्हणाली. "आणि दिला असता. मरेपर्यंत दिला असता. मला हा रंग कधी आवडला न्हाय, तरी दिला असता. छत्तीस वर्सं माझ्या हाताला तो होता. माझ्या पोरीच्या लग्नात म्या व्याह्यांपुढं हात पदराखाली धरून बसले. तुमच्या उंबऱ्याला तो शुभ होता आणि माझ्या हाताला दिसला की तुमी पंगतीतून उठत होता. मला पांढरं घर पायजे होतं, लग्न होऊन आले तवापासून. तुमी मोकळीक दिली. आता जावा घरी."

आणि ती आत गेली. दार आपटलं न्हाय, नुसतं लावलं.

नंतर ह्यांनी दुकानातून नीळ आणली, हिरमंजी आणली, चुना कालवला. चार वेळा कालवलं. एकदा कांद्याच्या सालीचा रंग आला, एकदा राखेचा. कुलदीपनं बार्शीहून डब्यातला रंग आणून आपल्या उंबऱ्यावर बोटं ओढली, ती पायानं पुसली तर गेली न्हायत, पण दिसायला उंबऱ्यावर शाई सांडल्यासारखी. घट बसले तवा गल्लीतले उंबरे कोरेच होते. गेल्या वर्सीची बोटं होती ती घासून घासून आमीच काढलेली.

म्या मात्र गेले. उशिरा गेले, पण गेले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, गिरणी बंद करून. वीस पावलं. नागूबाई ओसरीवर तूर निवडत बसली होती, माझी पोती जिथं असायची तिथंच. हात स्वच्छ होते. नखाच्या कडासुद्धा.

"नागूबाई," म्या म्हणलं, "तुमी मला लई वेळा..." तुमी म्हणल्यावर तिनं वर बघितलं. "चुकलं माझं," म्या म्हणलं.

"सही कितवी होती तुमची?" तिनं विचारलं. तिला माहीत होतं.

"तिसरी."

ती तूर निवडत राहिली. बसा म्हणाली न्हाय, जा पण म्हणाली न्हाय. मला तिथून नुसतं परत यायचं जिवावर आलं, म्हणून तोंडाला येईल ते बोलले. म्हणलं, "तो रंग असा संपायला नको. कुणाला तरी यायला पायजे. मला शिकवता का?"

तिनं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडं नीट बघितलं. रागानं न्हाय. गिऱ्हाईक आलं की म्या ज्वारी बघते तसं.

"शिकवते की," ती म्हणाली. "रंग कालवायला अर्धा दिस लागतो, त्यात शिकण्यासारखं काय न्हाय. बाकीचं सगळं वर शिकायचं. गल्ली खाली उभी राहून बघत असती तवा." तिनं भिंतीकडं हात केला. "चढता का शिडीवर?"

शिडी तिथंच भिंतीला टेकवलेली होती, सोळा पावंड्यांची. समोरच्या दारात आमचे हे उभे होते, पलीकडं दोघी-तिघी बाया धुणं घडी करायचं सोडून बघत होत्या. म्या खालच्या पावंड्याला हात लावला. मग दळण घ्यायला कुणीतरी गिरणीपाशी येऊन हाक मारली, आणि म्या परत आले.